न मळलेलं कार्ड

"हे एक कार्ड पुसायचं म्हणजे नुसता हाताला चाळा," मावशी कुरकुरत होत्या. "बाकीच्यांची काय दशा झालीय बघा. झोपाळ्याचे तर चारी कोपरे चावून चोथा केलेत पोरीनं. कपाचं मधोमध चिरलंय. आणि हे? आलं तसंच आहे, कोरं करकरीत. मळलं तर पुसेन ना मी!"

मग कुणीतरी "शू" केलं.

भिंगरीची आई तेव्हा दाराबाहेर चपलांच्या फळीपाशी वाकलेली होती. एका हातात लेकीचा बूट, दुसरा हात भिंतीवर. भिंगरी केव्हाच मोज्यांनिशी आत पळाली होती. मावशी म्हणजे विशेष मुलांच्या या केंद्रातल्या सफाईवाल्या. दुपारची मुलं यायच्या आधी त्या ओल्या फडक्याने सगळी खेळणी आणि सगळी कार्डं पुसून ठेवत, आणि पुसता पुसता बोलत. त्यांचं बोलणं कुणी मनावर घेत नसे. त्या नळाशी बोलत, फरशीशी बोलत, सांडलेल्या रंगाला नावं ठेवत. तेव्हा ते बोलणं तसं तिला लागलं नाही. लागलं ते 'शू'. ते ताईंचं होतं, भिंगरीला शिकवणाऱ्या ताईंचं. ताईंनी गप्प केलं म्हणजे ताईंच्या ध्यानात होतं; ध्यानात होतं म्हणजे कधीतरी त्यावर विचार करून, ते न बोललेलंच बरं असं ठरवून झालं होतं. कार्ड कुणाचं ते विचारायची गरज नव्हती. त्यावर तिचा स्वतःचाच, आईचा, फोटो होता. तिने दोन्ही बूट फळीवर शेजारी शेजारी लावले, एक उचलून पुन्हा नीट लावला, आणि आत जाताना उगाचच खाकरली. आतल्यांना चेहरे सारखे करायला जरा वेळ मिळावा, एवढ्यासाठी. "या, या," ताई म्हणाल्या, आणि मावशी एकाएकी फरशी पुसायच्या इतक्या मागे लागल्या की बादली कलंडता कलंडता राहिली.

काचेमागची खोली म्हणजे खोली तरी कसली, दोन भिंतींमध्ये उरलेली चिंचोळी जागा. एक खुर्ची, एक खुंटी आणि भिंतभर काच. भिंगरीच्या खोलीत उजेड आणि इकडे अंधार असला की इकडून सगळं दिसे आणि तिकडून तो नुसता आरसा. दिव्याच्या बटणावर ताईंनी चिकटपट्टी लावून ठेवली होती, कुणी सवयीने दाबू नये म्हणून. आईवडिलांनी सुरुवातीला थोडे दिवस इथे बसावं, काय चाललंय ते बघावं, मग आपापल्या कामाला लागावं, असा शिरस्ता. बाकीचे लागलेही होते. भिंगरीची आई मात्र अजून बसत होती. खुर्चीच्या पाठीला तिच्या शालीचे धागे लागलेले होते. केंद्रात मोठ्या माणसांना नावं नसत. अमक्याची आई, तमकीचे बाबा, इंजिनचे आजोबा. इंजिन हा शेजारच्या खोलीतला मुलगा. आवाज केल्याशिवाय त्याला बसताच येत नसे, म्हणून त्याच्या भिंतींना गाद्या ठोकल्या होत्या आणि त्याला बडवायला पत्र्याचे डबे दिले होते. भिंगरीला त्यातला एक डबा पडलेला ऐकू आला तरी ती टेबलाखाली जाई. म्हणून तिच्या खोलीत ट्यूबलाइट नव्हती, कारण ट्यूब गुणगुणते आणि ते गुणगुणणं तिला ऐकू येई. पिवळा बल्ब होता. घड्याळ नव्हतं. खुर्चीला पायांपाशी रुंद पट्टा होता, त्यात पाय अडकवले की तिला बरं वाटे. कोपऱ्यात कोरड्या वाटाण्यांचा टब, मधोमध छताला टांगलेला कापडी झोपाळा. आणि तिचं काही कौतुक करायचं झालं तर टाळ्या वाजवायच्या नाहीत, दोन्ही हात वर करून नुसते हलवायचे. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा भिंगरीच्या बाबांना हसू आवरेना. "बुडणारी माणसं वाटतात गं," ते कानात पुटपुटले होते. आता तेही हलवत. घरी कुकर शिट्टी न होता उतरवता आला तरी हलवत.

भिंगरी हे नाव त्यांनीच ठेवलेलं. चालायला लागली तशी पोरगी घराच्या मधोमध हात पसरून गरागरा फिरायची आणि खुदखुदायची. त्यांना ते इतकं आवडलं की शेजाऱ्यांना बोलावून दाखवत. पुढे डॉक्टरांनी विचारलं, "स्वतःभोवती फिरते का?" तेव्हा दोघं एकमेकांकडे न बघता "हो" म्हणाले होते. ज्याचं कौतुक केलं तेच लक्षण निघालं. मग काही दिवस घरात तिला पाळण्यातल्या नावाने हाक मारायची मोहीम निघाली. सासूबाईंनी ती फार नेटाने चालवली. पण त्या नावाला पोरगी मान वळवून बघत नसे, भिंगरी म्हटलं की निदान थांबे. शेवटी नाव राहिलं, मोहीम बारगळली.

काचेपलीकडे ताईंनी कार्डांचा फळा भिंतीला टेकवून ठेवला. भिंगरी बोलत नव्हती. म्हणजे गळ्यातून आवाज भरपूर काढायची, शब्द नाही. तिची सगळी भिस्त या कार्डांवर. बाजारात मिळतात तसली रंगीत चित्रांची नव्हेत, तिच्याच वस्तूंचे फोटो: तिचाच निळा कप, हाच झोपाळा, तिचेच बूट, न्हाणीघराचं तेच दार. ताईंचं म्हणणं, दुसऱ्याच्या कपाशी तिला काय देणंघेणं. शिकवण्याच्या दोन पायऱ्या होत्या. पहिली जोडी: कार्ड घ्यायचं आणि ज्याचं असेल त्यावर नेऊन ठेवायचं. कपाचं कपावर, बुटाचं बुटावर. ही भिंगरीला बघता बघता जमली, इतकी की घरभर जोड्या लावत सुटली; उशीचं कार्ड उशीवर, साबणाचं साबणावर, आणि ठेवलं की कोपरे सरळ होईपर्यंत सारखं करायची. दुसरी पायरी मागणी. वस्तू लांब असताना, तिचं कार्ड उचलून माणसाच्या हातात द्यायचं, म्हणजे तो माणूस ती वस्तू आणून देईल. हे दिसायला तेवढंच, पण यात मधे एक माणूस येतो, आणि तिथेच सगळं अडतं. कितीतरी दिवस भिंगरी कार्ड झोपाळ्यावरच नेऊन ठेवी आणि झोपाळा हलत का नाही म्हणून रडे. ताई हात पुढे करून बसत. एक दिवस ते कार्ड झोपाळ्यावर न जाता ताईंच्या तळहातावर आलं. ताईंनी झोपाळा ढकलला. काचेमागे त्या दिवशी भिंगरीच्या आईने एकटीने अंधारात दोन्ही हात वर करून हलवले होते, आणि कोपर खुंटीवर आपटलं होतं.

मग एकेक कार्ड वाढत गेलं, आणि त्यांत आईचं. मुलं पहिल्या पाचसात वस्तूंनंतर आईला मागतात, असं ताई ओघात बोलून गेल्या होत्या. फोटो ताईंनीच काढला, या दाराशी उभं करून. "हसू नका. रोज जशा दिसता तशाच. नाही तर ती म्हणेल ही कोण." म्हणून ती हसली नाही. केस मागे बांधलेले, काळ्या काड्यांचा चष्मा, कपाळावर एक आठी. हरवलेल्या माणसाच्या जाहिरातीत शोभावा असा फोटो. कार्डाला प्लास्टिक चढलं, मागे चिकटपट्टी लागली आणि ते फळ्यावर अगदी वरच्या ओळीत बसलं. तेव्हापासून तिने केस कापले नव्हते. मध्ये चष्मा भिंगरीच्याच लाथेने मोडला, तेव्हा तसलीच काळी काडी मिळावी म्हणून तिने गावभर पायपीट केली. दुकानदार म्हणाला, ही फॅशन गेली बाई. ती म्हणाली, जाऊ द्या, मला तीच पाहिजे. तिला स्वतःलाही कळत होतं की हे जरा अतीच होतंय. पण उद्या पोरीने कार्ड उचललं आणि समोर आलेली बाई कार्डातल्यासारखी नसली तर? कार्डातली बाई खरी आणि आपण तिची नक्कल, अशी काहीतरी उलटापालट हळूहळू होऊन गेली होती. आरशात बघताना ती आठी आहे ना हे बघे.

आज पहिल्यांदा तिच्या मनात आलं की आपण इथे बसतो त्याला बघणं म्हणत नाहीत, त्याला वाट बघणं म्हणतात. इतके दिवस समजूत अशी, की पोरगी काय शिकते, कशाला बिचकते, ते नीट पाहायचं आणि घरी तसंच करायचं. तसं ती करतही होती. पण डोळे सगळा वेळ फळ्याच्या वरच्या ओळीवर असायचे. त्या वाट बघण्याचं काय झालं ते मावशींना फडक्याच्या एका फटकाऱ्यात कळलं. कार्डावर बोटांचे ठसे नाहीत, दातांची खूण नाही, लाळ नाही. ती स्वतः लहानपणी भलतीच चिकट पोर होती. आईच्या मागे मागे, या खोलीतून त्या खोलीत. आई वैतागून न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसायची, तर ही दाराबाहेर मांडी घालून फटीतून बोलत राही. "अगं, जरा श्वास घेऊ दे मला," आतून आई म्हणायची, "मी काय पळून जातेय का?" आणि ही फटीतून विचारायची, "झाला का घेऊन?" आता तिच्या स्वतःच्या घरात ती न्हाणीघरात कितीही वेळ बसली तरी दारावर थाप पडत नसे. सुरुवातीला तिला ते सुख वाटलं होतं. पाणी ओतायचं थांबवून ती ऐकत बसे. बाहेर वाटाणे ओतल्याचा आवाज, पुन्हा गोळा केल्याचा, पुन्हा ओतल्याचा.

सासूबाई फोनवर दर वेळी शेवटी विचारत, "ओळखते ना तुला?" "ओळखते की," ती सांगे. खोटं नव्हतं ते. गर्दीत भिंगरी तिचा हात बरोबर धरे. हात म्हणजे मनगट, त्यातही घड्याळाच्या वरची जागा, तिथे दाबून धरायला तिला आवडे. रात्री झोपताना तिची तंगडी आईच्या पोटावर टाकलेली असे, गादीवर टाकावी तशी. पाणी हवं तर ती आईचं मनगट धरून नळापाशी नेई आणि हात नळावर ठेवी. "बघ, सांगते की नाही," नवरा म्हणे. त्याला प्रत्येक गोष्टीत चांगली बाजू दिसे. इमारत कोसळली तर त्याला ऊन आत आलेलं दिसलं असतं. तो म्हणे, "तू सारखी तिच्या पुढ्यात असतेस, तिला मागायची गरज काय? नळाखाली उभं राहून कुणी पाणी मागतं का?" हे त्याने इतक्या वेळा म्हटलं होतं की त्याला ते खरं वाटतंय की तो तिची समजूत घालतोय, हे आता त्यालाही सांगता आलं नसतं. म्हणून तर तिने आपलं कार्ड घरी वापरायचं नाही, केंद्रातच, असं ताईंकडून ठरवून घेतलं होतं. इथे ती पुढ्यात नव्हती. इथे ती काचेमागे, चार पावलांवर, आणि तरीही नव्हती. मागायला याहून सोयीची आई कुठे मिळाली असती?

आणि वरचा मजला होता. वरच्या मजल्यावर लहान वर्ग भरे, मोजकीच मुलं, प्रत्येकाचं टेबल वेगळं, प्रत्येकाचं काम वेगळं, पण जेवण एकत्र आणि अर्धा दिवस. भिंगरी तिथे जाण्याजोगी झालीय असं ताई मागच्या बैठकीत म्हणाल्या होत्या. त्याच्या मागच्या बैठकीतही. वर काचेमागची खोली नव्हती; पालकांनी खालून निरोप घ्यायचा आणि जायचं. तेव्हा भिंगरीची आई म्हणाली होती, "आधी ती मला एकदा मागू दे. मग पाठवू. नाही तर वर तिला मी हवी झाले तर सांगणार कशी?" बोलणं रास्त होतं. ताई म्हणाल्या, "बघू या." नवरा म्हणाला, "बरोबर आहे." आणि पोरगी खालीच राहिली, पिवळ्या बल्बाखाली, जे येत होतं तेच करत. मध्यंतरी तिच्या जुन्या नोकरीच्या जागेवरून, चष्म्याच्या दुकानाच्या मालकांचाही फोन येऊन गेला होता. लग्नाआधीपासून ती तिथे नजर तपासायला होती. "अर्धा दिवस ये, पण ये," मालक म्हणाले, "नवा पोरगा गिऱ्हाइकांना नुसतं बरं-आहे-बरं-आहे म्हणतो." ती म्हणाली होती, बघते.

त्या दुकानात एक गोष्ट तिला फार लवकर कळली होती. लोक अक्षरांच्या तक्त्याची शेवटची ओळ पाठ करून येतात. आधीचा माणूस वाचत असतो तेव्हा बाकावर बसून ऐकतात, आणि स्वतःची पाळी आली की घडाघडा म्हणून दाखवतात. डोळा अधू आहे हे कुणाला कळू नये म्हणून नव्हे. उलट कळावं म्हणूनच तर आलेले असतात. पण समोर ओळ आली की माणसाला पास व्हायचं असतं. म्हणून दाखवल्यावर चेहऱ्यावर असा काही आनंद येई की मालक खुणेने म्हणत, जाऊ दे. ती जाऊ देत नसे. ती तक्ता उलटा करी. मागच्या बाजूला दुसरी अक्षरं असत.

ताईंनी आज जिगसॉ काढलं होतं. भिंगरी पाय पट्ट्यात अडकवून बसली होती, मान किंचित कलती, ओठ पुढे. तुकडे जागेवर बसवताना ती प्रत्येकाला आधी गालाला लावून बघे. इकडे भिंगरीच्या आईचं नख बटणावरच्या चिकटपट्टीच्या कडेशी चाळा करत होतं. कधीपासून करत होतं तिला कळलं नाही. पट्टीचा एक कोपरा सुटला, मग दुसरा. ती स्वतःला सांगत होती की आपण नुसती पट्टी काढतोय. मग बटण दाबलं गेलं.

दिवा लागताच काचेतली खोली फिकी झाली आणि तिच्यात ती स्वतः दिसायला लागली, काळा चष्मा, बांधलेले केस. पलीकडे ताईंनी मान वर केली, चमकल्या, आणि पुढच्याच क्षणी चेहरा कोरा करून जिगसॉकडे बघू लागल्या. भिंगरीने उजेडाकडे पाहिलं. पट्ट्यातून पाय सोडवले, उठली आणि काचेपाशी आली. इतकी जवळ, की तिच्या श्वासाने काच धुरकटली. तिने आईकडे पाहिलं. यात शंका नव्हती; नजर तपासण्यात जिचा जन्म गेला तिला समोरचे डोळे कुठे टेकलेत हे कळतं. डोळे तिच्यावर टेकले होते, शांत, पुरेसा वेळ. भिंगरीने काचेवर बोट ठेवून चष्म्याच्या कडेवरून फिरवलं, आधी एक डोळा, मग दुसरा. भिंगरीची आई हलली नाही. कार्डातल्यासारखीच उभी राहिली.  मग भिंगरी वळली. फळ्याकडे गेली. फळ्यापाशी उभी राहून तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं, नीट निवड करणाऱ्या गिऱ्हाइकासारखं, हात वर केला, खाली आणला, झोपाळ्याचं चोथा झालेलं कार्ड ओढून काढलं आणि ताईंच्या हातात दिलं. ताईंनी झोपाळा ढकलला. मागितलं की द्यायचं, लगेच, हा नियम. त्यांनी तो पाळला; फक्त आरशाकडे पाठ होईल अशा उभ्या राहिल्या. झोपाळ्याच्या कापडातून भिंगरीचे नुसते मोजे बाहेर दिसत होते, आणि आतून ती घशातल्या घशात गुणगुणत होती. सुखात असली की काढते तो आवाज.

भिंगरीच्या आईने दिवा बंद केला आणि चिकटपट्टी पुन्हा होती तशी दाबून बसवली. ती चिकटेना. तिला रडू येईल असं वाटून तिने वाट पाहिली, पण आलं नाही. त्याऐवजी भलतंच आठवलं: न्हाणीघराच्या बंद दाराआड आई नक्की काय करत असेल? लहानपणी तिला वाटायचं, आपल्यावाचून तिथे बसवत नसेल तिला. आता वाटलं, बसली असेल बादली उलटी करून. खुशाल. गुणगुणतही असेल.

बैठक पलीकडच्या खोलीत होती, मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर. नवरा कामावरून धावतपळत आला आणि गुडघे छातीशी घेऊन बसला. "या खुर्च्या मुद्दाम ठेवल्यात," तो म्हणाला, "इथे बसून कुणाला भांडता येणार नाही." ताई हसल्या, जरा जास्तच. भिंगरी खाली सतरंजीवर जिगसॉचे तुकडे गालाला लावत होती. मावशी खिडकीच्या कठड्यावर उन्हात, धुतलेली कार्डं ओळीने वाळत घालत होत्या. आज फडक्याने न भागवता त्यांनी सगळी साबणाने घासून काढली होती, बहुधा मघाच्या बोलण्याची भरपाई म्हणून.

"तर," ताई म्हणाल्या, "प्रगती छानच आहे. पट्ट्याशिवायही थोडं बसते. केस विंचरून घेते. झोपाळ्याची मागणी तर..." त्या थांबल्या. "म्हणजे मागण्या एकूणच पक्क्या झाल्यात."

"वा," नवरा म्हणाला.

"वर एक टेबल रिकामं होतंय. म्हणजे घाई काहीच नाही. तुम्हा दोघांना केव्हा योग्य वाटेल..."

"आमचं काय," नवरा म्हणाला, "हिचं म्हणणं होतं ना, ते एकदा..." तोही थांबला.

"हो हो, ते आहेच. प्रत्येक मूल आपापल्या वेळेने करतं," ताई म्हणाल्या.

"आणि आईचं काय, आई असतेच," मावशी खिडकीतून म्हणाल्या, आणि त्यांना कुणी "शू" केलं नाही तरी स्वतःच गप्प झाल्या.

भिंगरीची आई ऐकत होती. तिला मजा वाटली, की तीन शहाणीसुरती माणसं एका वस्तूभोवती किती सफाईने चालतात. अंधारात फर्निचर ठाऊक असावं तशी, कुणाचा गुडघा आपटत नाही. चौथी आपण. तिनेही विचारलं, "वर जेवायला कितीला बसवतात?" ताईंनी सुटल्यासारखं सांगायला सुरुवात केली.

आणि भिंगरी उठली. खिडकीपाशी गेली. उन्हात कार्डं चकाकत होती. तिने एक उचललं, हाताला ओलं लागलं म्हणून झटकलं, गालाला लावून पाहिलं. मग सतरंजी ओलांडून आली, ताईंच्या पुढून गेली, बाबांच्या गुडघ्यांना वळसा घातला आणि आईसमोर उभी राहिली. तिच्या हातात ते कोरं कार्ड होतं. ते तिने आईच्या मांडीवर ठेवलं.

ताई बोलता बोलता थांबल्या.  नवरा खुर्चीवरून उठला, खुर्ची त्याच्याबरोबरच उठली, आणि त्याने दोन्ही हात वर करून हलवायला सुरुवात केली. "मागितलं," तो कुजबुजला, ओरडायला बंदी म्हणून कुजबुजला, डोळ्यांत पाणी. "अगं, मागितलं तुला! बघितलंत ना ताई? मागितलं!" मावशींनी हातातलं फडकं तसंच वर धरून हलवलं, थेंब उडाले. "मी म्हणतच होते," त्या म्हणाल्या, जे त्या मुळीच म्हणत नव्हत्या. "पोर ती, आईला कशी विसरेल!" ताईंनीही हात वर केले. पण त्यांचे खांद्यापाशीच थांबले, आणि त्या भिंगरीच्या आईकडे बघत राहिल्या. बघण्यात विनवणीसारखं काहीतरी होतं: घ्या की. काय बिघडतं? पोरगी वर जाईल. तुमचं मन राहील. कार्ड आईचं, आणलं आईकडे, बघणाऱ्याला आणखी काय पाहिजे?

भिंगरीची आई मांडीवरच्या कार्डाकडे बघत होती. भिंगरी अजून समोरून हलली नव्हती. काही मागितलेलं माणूस ते मिळायची वाट बघतं, समोरच्या हाताकडे बघतं, तोंडाकडे बघतं. भिंगरी कार्डाकडे बघत होती. ते थोडं वाकडं पडलं होतं. तिने एका बोटाने एक कोपरा सरकवला, दुसऱ्या बोटाने दुसरा, कार्ड मांडीच्या अगदी मधोमध सरळ होईपर्यंत. झालं तेव्हा समाधानाने नाकातून श्वास सोडला आणि आपल्या तुकड्यांकडे परत गेली. कपाचं कपावर, बुटाचं बुटावर.

हात अजून हलत होते. मूक, वर, पिवळसर उन्हात. बुडणारी माणसं. तिला वाटलं, त्यांना हलवू द्यावं. नवऱ्याचा चेहरा असा उजळलेला तिने कितीक दिवसांत पाहिला नव्हता. शेवटची ओळ घडाघडा म्हणून दाखवलेल्या माणसासारखा. कुणीतरी खुणेने म्हणत होतं, जाऊ दे. तिने चष्मा काढला, पुसला नाही, नुसता कार्डाशेजारी ठेवला.

"मागितलं नाही," ती म्हणाली.

"अगं, आत्ता तर..."

"जोडी लावली. ताईंना विचार." ताईंचे हात खाली आले होते. "कधीच मागितलं नाही तिनं मला. आज मी दिवा लावून समोर उभी राहिले, तरी नाही."

"अगं, पण तू पुढ्यात असतेस म्हणून..."

"ऐक ना रे." तिचा आवाज बुटक्या खुर्चीतून येत होता तरी सरळ होता. सतरंजीवर भिंगरीने एक तुकडा गालाला लावला, आणि तो कुठे बसतो ते तिला कळलं. "ती मला ओळखते. मागत नाही. वर पाठवा तिला."